रिकामा खिळा

मारिट टॉलेफसनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासऱ्यांचा गोठा समोरच दिसायचा. लग्न होऊन ती या शेतावर आली तेव्हापासून तिनं तो खिडकीतूनच पाहिला होता. व्हर्ननी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, गाई विकल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. आता गोठ्यात विमान होतं.

ते पुरतं विमान अजून झालेलं नव्हतं. पण होणार होतं, आणि झालं की ते तिचा नवरा नेल्स उडवणार होता. व्हर्नच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धूसर डाग वाढत चालला होता. कुठलीही वस्तू नीट दिसायला हवी असेल तर ते तिच्या जरा बाजूला बघत. म्हणून नेल्सनं गेल्या वर्षी हलक्या विमानांचा परवाना काढला. बाप बांधणार, मुलगा उडवणार. बायकोनं काय करायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. मारिटनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं: लेक टिल्डा दुपारची झोपली की संगणकावर अपघातांच्या हकिकती वाचायच्या. घरी बांधलेलं विमान, उघडी बैठक, मोटारीचं इंजिन, एक ठार. ती वाचायची आणि पाळण्याकडे बघायची.

"अगं, एकदा येऊन बघ तरी," नेल्स म्हणायचा. "वाचून वाचून डोकं फिरेल तुझं."

"बघून काय कळणार मला?"

"वाचून काय कळतंय?"

कॉलेजात ती जीवशास्त्र शिकली होती. बेडूक चिरल्याशिवाय बेडूक कळत नाही, हे टिल्डा होईपर्यंत तिनंच शाळेतल्या पोरांना शिकवलं होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी ती गोठ्यात गेली, ती त्या दिवशी जाणं भागच होतं म्हणून. त्या दिवशी 'उघडे पंख' होते. विमानाच्या लाकडी पंखांवर कापड चढलं की आतलं काही दिसत नाही, म्हणून त्याच्या आदल्या रविवारी, चर्चनंतर, जवळच्या गवती धावपट्टीवरून विमानं उडवणारी मंडळी ज्याच्या त्याच्या घरी जमायची आणि उघडे पंख तपासायची. नियम साधे होते. ज्याला खोट सापडेल त्यानं ती मोठ्यानं बोलून दाखवायची आणि तिथे लाल लोकरीचा धागा बांधायचा. मालकानं वाद घालायचा नाही, फक्त 'आभारी आहे' म्हणायचं. सगळ्यात मोठी खोट ज्यानं काढली त्याला बक्षीस म्हणून भट्टीत भाजलेली गोड पाई. ती यजमानाच्या घरच्या बाईनं करायची. म्हणजे मारिटनं.

एका हातात आंबटगोड रुबार्बची पाई, दुसऱ्या कडेवर टिल्डा, अशी ती दारातून आत शिरली आणि तिथेच थांबली.

तिला वाटलं होतं, काहीतरी यंत्रासारखं असेल. लोखंडी, तेलकट, वंगणाच्या वासाचं. पण समोर सुताराच्या दोन घोड्यांवर जे आडवं पडलं होतं ते लाकडाचं, पिवळसर, आणि इतकं नाजूक होतं की तिला पहिल्यांदा आठवला तो शाळेतल्या काचेच्या कपाटातला बगळ्याचा सांगाडा. एक लांब पुढची तुळई, एक मागची, आणि मध्ये ओळीनं बरगड्या. प्रत्येक बरगडी बोटाएवढ्या काड्यांची. कवडशांत धूळ तरंगत होती आणि लाकडाला राळेचा वास येत होता.

"हे एवढंसं?" तिच्या तोंडून गेलं.

"एवढंसंच," व्हर्न म्हणाले. ते तिच्या खांद्याच्या बाजूला बघत होते, म्हणजे तिच्याकडेच बघत होते. "ज्यानं हे आखलं तो आमच्यासारखाच खेड्यातला गडी होता. महायुद्धाच्या आधी. शाळासुद्धा पुरती केली नव्हती म्हणतात. नकाशे पोस्टानं विकायचा. मी मिसरूड फुटण्याआधी मागवले होते."

नकाशे भिंतीवर टाचले होते. कडा तपकिरी झालेल्या, दुमडींवर चिकटपट्टी.

"आणि म्हातारा आत्ता बांधतोय," मिल्ट ब्रेकर सॅंडविच चावत म्हणाला. मिल्ट म्हणजे पलीकडच्या शेतावरचा, व्हर्नचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं स्वतःचं विमान याच नकाशाचं होतं. "मी याच्याआधी बांधलं, मोडलं आणि परत बांधलं."

"मोडलंस कसं तेही सांग," अर्लीन बोई म्हणाली. ती जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आणि धावपट्टीवर सगळ्यात अलगद उतरणारी, असं सगळे मानायचे. ती पंखाखाली पाठीवर झोपून टॉर्चनं वर बघत होती. "कुंपणाचा डांब आपण होऊन धावत आला म्हणे."

"वारा होता!"

"वारा सगळ्यांनाच असतो, मिल्ट. व्हर्न, इथे नट आहे, त्याला अडकवायची खिळपिन नाही. धागा."

"आभारी आहे," व्हर्न म्हणाले. त्यांचे ओठ जरा आवळलेले होते.

मारिटनं पाई बाकावर ठेवली आणि परत जायचं विसरली. तिनं टिल्डाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पंखाच्या टोकापासून चालत आली. या तारा कसल्या? त्या पंख पिळू देत नाहीत. ही बरगडी जाड का? तिथे दोन बैठकांमधला पाइप येतो. आणि हे सगळं धडाला धरून कशानं राहतं? नेल्सनं तिला दाखवलं. पंख छत्रीसारखा माणसांच्या डोक्यावर, आणि दोन्ही बाजूंना खालून वर तिरप्या दांड्या. दांडीचा बोल्ट पंखातल्या तुळईत बसतो. तिथे तुळईला दोन्हीकडून प्लायवूडची पट्टी चिकटवलेली.

"म्हणजे सगळं वजन इथे?"

"बरंचसं."

"सरसावर?"

"सरसावर," नेल्स हसला. "पण हा सरस लाकडापेक्षा बळकट असतो. थांब, आता बघशीलच."

बाकाच्या वरच्या आढ्याला ओळीनं खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला दोऱ्यानं एक छोटा ठोकळा टांगलेला होता. दोन लाकडी तुकडे एकमेकांना चिकटवलेले, मधल्या सांध्याला बीटच्या रसासारखी गडद जांभळी रेघ, आणि वर पेन्सिलीनं तारीख.

"हे साक्षीदार," व्हर्ननी तिला सांगितलं. "ज्या दिवशी सरस कालवला, त्या दिवशी त्याच वाटीतल्या सरसानं एक ठोकळाही चिकटवायचा. विमानातला सांधा काही मोडून बघता येत नाही. साक्षीदार मोडता येतो. त्या दिवशीचा साक्षीदार खरा, तर त्या दिवशीचे सगळे सांधे खरे."

"आणि खोटा असला तर?"

"तर मग धागा नाही, करवत," मिल्ट म्हणाला, आणि पहिला ठोकळा शिकंज्यात आवळून त्यानं हातोडा हाणला. ठोकळा फुटला. त्यानं तुकडे तिच्यापुढे धरले. "बघ. सांधा शाबूत आहे, शेजारचं लाकूड फाटलंय. दोन्हीकडे कुसळं. हा खरा. सांधाच सुटला असता, गुळगुळीत, तर खोटा."

मारिटनं बोटानं कुसळं चाचपली. मग दुसरा फुटला, तिसरा फुटला. प्रत्येक वेळी ती पुढे वाकून बघू लागली. टिल्डाला तो आवाज इतका आवडला की प्रत्येक ठोक्याला ती खिदळायची. सगळे खरे. नेल्सनं मारिटकडे बघितलं, झालं ना समाधान, अशा नजरेनं. आणि खरंच, तिच्या छातीवरचं ओझं जरा हललं होतं.

तेवढ्यात तिला तो खिळा दिसला.

ओळीच्या मध्येच, इतरांसारखाच ठोकलेला, पण रिकामा. त्याला दोराही नव्हता.

"याचा कुठे गेला?"

"उंदरानं नेला असेल," मिल्ट म्हणाला.

"उंदीर सरस खात नाहीत," जमिनीवरून अर्लीन.

"जास्तीचा ठोकला असेन," व्हर्न म्हणाले. "चहूकडे खिळेच खिळे आहेत इथे. आणि घरच्यांनी खोट काढायची नसते बरं का, पोरी. घरचे वर्षभर काढतातच."

सगळे हसले. मारिटही हसली. पण तिची नजर तिथून हलेना. सासऱ्यांची रीत तिला ठाऊक होती. माणूस कॉफी ओतण्याआधी बशी मांडायचा. खिळा आधी ठोकायचा, मग सरस कालवायचा, हे तर नेल्सनं मघाशीच सांगितलं होतं. असा माणूस उगाच खिळा ठोकेल? तिनं रिकाम्या खिळ्याच्या अलीकडच्या ठोकळ्याची तारीख वाचली. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, सुरुवात. पलीकडच्याची वाचली. फेब्रुवारीच, अखेर.

टिल्डाचा वाढदिवस दोन्हींच्या मधला.

तिला दवाखान्यातली ती खोली आठवली. बाहेर बर्फाचं वादळ, आणि दारात व्हर्न, कामाच्या कपड्यांत, टोपी छातीशी धरून. नर्सनं बाळ त्यांच्या हातात देता देता म्हटलं होतं, "आजोबा, लोणच्यासाठी बीट चिरत होतात की काय? हात बघा!" नेल्सनं तेव्हाच फोटो काढला होता. तो तिच्या पर्समध्ये होता. पर्स खांद्यावर होती. तिला तो काढून बघायची गरजसुद्धा नव्हती. पांढऱ्या दुपट्याखाली ती जांभळी बोटं तिला लख्ख दिसत होती.

बोलावं का? उद्या कापड चढणार होतं. जुलैच्या अखेरीस विमानवेड्यांची मोठी जत्रा भरायची, आणि नेल्सनं हे विमान तिथे उतरवावं, आपण गवतात उभं राहून, जरा बाजूला बघत का होईना, ते उतरताना बघावं, यासाठी सासरे हिवाळाभर राबले होते. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याबद्दल काही बोलायचं टाळलं होतं. आणि ती कोण? जी आज पहिल्यांदा आत आली, ती. म्हणतील, भित्री आहे, निमित्तच शोधत होती. भित्री तर ती होतीच. भीतीनं मला हे दिसतंय की हे खरंच आहे? तिला स्वतःलाच सांगता येईना. टिल्डानं तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली.

"व्हर्न," ती म्हणाली. आवाज जरा चढाच निघाला. "टिल्डा झाली त्या दिवशी तुमच्या हाताला सरस होता."

"काय?"

"जांभळा झाला होता हात. नर्स म्हणाली होती, बीट चिरलं का म्हणून." तिनं पर्स उघडली आणि फोटो अर्लीनच्या हातात दिला, कारण व्हर्नना तो दिसला नसता. "त्या दिवशी तुम्ही सरस कालवला होता. त्याचा साक्षीदार नाही."

अर्लीननं टॉर्च फोटोवर धरला. बराच वेळ धरला. "सरसच आहे," ती म्हणाली.

व्हर्न बाकाला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते हरवलेली वस्तू शोधावी तसे आठवत होते. "खिळा ठोकला," ते हळूहळू म्हणाले. "कालवला. लावला. शिकंजे आवळले. आणि नेल्सचा फोन आला. मी... ठोकळा कापायचा राहिला होता. मी तसाच गाडीत बसलो."

"आणि शेगडी?" मारिटनं विचारलं. सरसाला रात्रभर ऊब लागते, हे तिला आत्ताच, तासाभरापूर्वी कळलं होतं.

ते वादळ सगळ्यांना आठवत होतं. रस्ते बंद होते. व्हर्न तिसऱ्या दिवशी घरी आले होते. गोठ्यातली शेगडी त्या आधीच केव्हातरी विझली असणार.

"काय चिकटवलं होतं, बाबा?" नेल्सनं विचारलं.

व्हर्न चालत उजव्या पंखापाशी गेले आणि न बघता हात ठेवला. मागची तुळई. दांडीच्या बोल्टाची पट्टी.

"पण बघा ना, कशी बसलीय," मिल्ट घाईनं म्हणाला. "नखसुद्धा जात नाही फटीत. अरे, सरस आधी धरलाच असेल. सगळं लाकूड मोडून बघायचं म्हटलं तर कुणी उडणारच नाही."

"उडवणार मी आहे," नेल्स म्हणाला. "मी सांगतो, चालेल. कापड चढवू उद्या."

तो बापासाठी बोलतोय, हे मारिटला त्याच्या मानेवरून कळलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"वा," ती म्हणाली. "म्हणजे बाबांना वाईट वाटू नये म्हणून तू वर जाणार. आणि मी टिल्डाला काय सांगू, तुझे बाबा फार भिडस्त होते?"

"मारिट..."

"पटाशी दे," व्हर्न म्हणाले.

"बाबा, पट्टी काढली तर तुळईसकट..."

"माहिती आहे मला काय होतं ते. मीच बनवलीय." त्यांनी हात पुढे केला. नेल्सनं पटाशी दिली, मोगरी दिली. व्हर्ननी अंगठ्यानं पट्टीची कड शोधली, पटाशीचं पातं त्यावर टेकवलं, आणि मग थांबले. "मधोमध दिसत नाही मला. पोरी, तू ये इकडे. मी ठोकतो, तू सांग काय दिसतं. आणि दया म्हणून काही सांगू नकोस."

टिल्डा अर्लीनकडे गेली. मारिट गुडघ्यांवर बसली, इतकी जवळ की तिचा श्वास लाकडाला लागत होता. ठोका पडला. पट्टीची कड चर्र करून उचलली गेली.

"फाटतंय," ती म्हणाली. "कुसळं आहेत. दोन्हीकडे."

आणखी एक ठोका. "फाटतंय. तुळईचं लाकूड सालीसारखं वर येतंय." सरस खरा होता. चांगली तुळई तिच्या एका शब्दानं चिरली जात होती. मागे मिल्ट चुकचुकला. ठोका. "फाटतंय." ठोका. "फाटतंय, व्हर्न, सगळं फाटतं..."

ती थांबली.

"थांबा. इथे नाही." तिनं बोट पुढे केलं. खालच्या कोपऱ्यात, दाराच्या बाजूला, जिथून वादळात गार वारा आत आला असणार, पट्टी अलगद सुटली होती. तिथे लाकूड फाटलं नव्हतं. कपच्या नव्हत्या, कुसळ नव्हतं. दोन बोटं मावतील एवढी जागा, काचेसारखी गुळगुळीत, जांभळी. "इथे सुटलंय. एवढंच. कोपऱ्यात."

व्हर्ननी मोगरी खाली ठेवली आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. मग अर्लीननं फिरवलं. मग मिल्टनं, दोनदा.

"एवढ्यानं काही झालं नसतं," मिल्ट म्हणाला. "बाकीच्यानं धरलं असतं."

"किती दिवस?" अर्लीननं विचारलं.

"पन्नास वर्षं!"

"किंवा पुढच्या मंगळवारपर्यंत."

"तुला काय माहीत?"

"तुला तरी काय माहीत?"

आणि खरंच कुणालाच माहीत नव्हतं. मारिटला वाटलं होतं, एकदा उघडून बघितलं की उत्तर मिळेल, हो किंवा नाही. मिळालं ते एवढंच, दोन बोटांएवढं. तिनं परत एकदा वाकून बघितलं. खरबरीत जिथे संपत होतं आणि गुळगुळीत जिथे सुरू होत होतं, तिथे रेघ नव्हती. एकातून दुसरं हळूहळू होत गेलं होतं.

"हा उन्हाळा गेला," व्हर्न म्हणाले. त्यांनी खिशातून लाल लोकर काढली, एक तुकडा तोडला आणि तिच्या हातात दिला. "बांध. नियम आहे."

तिनं बांधला.

"आभारी आहे," ते म्हणाले.

मग पाईवरून भांडण झालं. मिल्टचं म्हणणं, घरच्यांना बक्षीस नसतं, आणि शिवाय तिनं स्वतः केलेली पाई तिलाच दिली तर ते बक्षीस कसलं? अर्लीनचं म्हणणं, पुरती खोट सापडली असती तर पुरती पाई, कोपरा सापडला तर कोपरा. शेवटी मारिटला दोन बोटांएवढा तुकडा मिळाला, उरलेली मिल्टनं खाल्ली. जाताना तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "माझ्याही विमानाचे साक्षीदार घरी आहेत. एखादा रिकामा खिळा दिसतो का बघायला येशील का कधी?" आणि तिनं हसून उत्तर द्यायच्या आतच भराभर ट्रकमध्ये जाऊन बसला.

त्या रात्री नेल्स फार बोलला नाही. दिवा मालवताना एवढंच म्हणाला, "मी वर गेलो असतो, खरंच." ती म्हणाली, "माहिती आहे. म्हणूनच बोलले."

जत्रेला ते तिघं टिल्डाला घेऊन गेले, मोटारीनं. व्हर्न गवतात खुर्ची टाकून बसले आणि दुसऱ्यांची विमानं उतरताना जरा बाजूला बघत राहिले. चांगलं लाकूड मिळायला वेळ लागला. मग सोयाबीन, मग मका. नेल्सला कापणीतून डोकं वर काढता येईना. नवी तुळई चिकटवायचा दिवस उजाडला तेव्हा मेपलची पानं झडून गेली होती आणि गोठ्याच्या पत्र्यावर सकाळी दहिवर पांढरं दिसत होतं.

आता मारिटला कुणी बोलावत नव्हतं. ती आपण होऊनच असायची. टिल्डा भुशाच्या ढिगात चमचा घेऊन बसायची. शेगडी मारिटकडे होती. त्या दिवशी कुणाचाही फोन आला, अगदी देवाचा आला, तरी आपण शेगडीपासून हलणार नाही, असं तिनं दोघांनाही बजावून सांगितलं होतं. व्हर्ननी खिळा ठोकला, ओळीच्या शेवटी. ठोकळा तिनं आधीच कापून, तासून तयार ठेवला होता. सरस कालवून झाल्यावर पहिल्यांदा तिनं तो चिकटवला, मग बाकीचं.

"तो जुना रिकामा खिळा काढून टाकू का?" नेल्सनं विचारलं.

"राहू दे," व्हर्न म्हणाले. "त्याचं काम झालेलं नाही अजून. वर बघितलं की आठवण राहते."

शिकंजे आवळून झाले. मारिटनं शेगडीत आणखी एक ओंडका सारला आणि हात झटकत धडापाशी आली. ते अजून चाकांवर उघडंच उभं होतं, दोन बैठका एकामागे एक. मागची उडवणाऱ्याची. पुढची लहान, तिला दार नव्हतं. आत जायचं तर तारांमधून पाय कसा घालायचा, हे तिला कळेना. तिनं कठड्यावर हात टेकून आत वाकून बघितलं. पट्टा होता. पाय ठेवायला फळी होती. फळीखाली तारा जाताना दिसत होत्या. ही कुठली? शेपटाकडे जाते की पंखाकडे?

"पुढे वारा फार लागतो," मागून व्हर्न म्हणाले. "गरम टोपी घालावी लागते. आणि गॉगल."

"मी कुठे विचारलं?"

"विचारणार होतीस."

मारिटनं तार बोटानं जराशी ओढली. दूर मागे, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, शेपटाची फळी हलली. टिल्डानं चमचा टाकून तिकडे बोट केलं. मारिटनं तार परत ओढली, यावेळी जरा जोरात.